दहा क्विंटल सोयाबीन आणि एक संगणक

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनला क्विंटलमागे ५ हजार ३२८ रुपये किमान हमीभाव जाहीर केला होता. या भावाने दहा क्विंटल सोयाबीन विकले गेले, तर शेतकऱ्याच्या हाती ५३ हजार २८० रुपये पडतात. पुण्या-मुंबईचा एखादा तरुण ‘कमी पैशांत गेमिंगचा संगणक जुळवायचा आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जवळपास हाच आकडा असतो. त्याच्या दृष्टीने तो महिना-दोन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न असतो. बुलडाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमसारख्या गावात मात्र तो एका हंगामाचा हिशेब असतो. त्यातही हमीभाव हा कागदावरचा भाव. बाजार समितीच्या आवारात तो प्रत्यक्ष मिळेलच, याची खात्री कोणी देत नाही, आणि २०२५ च्या खरिपात अतिवृष्टीने विदर्भ-मराठवाड्यातील पिकांची काय गत केली, हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा दहाऐवजी बारा-तेरा क्विंटल धरलेले बरे.

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम महाराष्ट्राला परिचित आहे, तो शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात शेतात रांगा धरून बसलेल्या लाखो माणसांना ट्रॅक्टरमधून वाढला जाणारा पुरी-भाजीचा महाप्रसाद अनेकांनी पाहिला नसला, तरी ऐकलेला असतो. याच आश्रमाच्या आधाराने येथे शाळा-महाविद्यालये वाढली आणि पंचक्रोशीतील मुले शिक्षणासाठी येऊ लागली. या मुलांच्या हाती आज मोबाइल आहे, मोबाइलवर बीजीएमआय आहे, आणि ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांच्या मनात एक संगणक आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए हे खेळ खेळण्यासाठी. आणि खरे सांगायचे तर केवळ खेळण्यासाठीच नव्हे.

वाचकांपैकी काहींना हा विषय या पानाला न शोभणारा वाटेल. मुलांच्या खेळण्याची चर्चा चालू घडामोडींत कशासाठी? पण सरकारने स्वतःच हा विषय खेळण्यांच्या कपाटातून काढून धोरणाच्या टेबलावर ठेवला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा समावेश केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत करण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता व प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. (ज्या पालकांना मुलाच्या प्रत्येक खेळात जुगार दिसतो, त्यांनी या कायद्याने आखलेली सीमारेषा एकदा समजून घ्यावी, तसेच ज्या मुलांना कोणत्याच खेळात जुगार दिसत नाही, त्यांनीही.) पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी ही संस्था सुरू झाली. या साऱ्या घोषणांत कलावंत आहे, स्टुडिओ आहे, गुंतवणूकदार आहे. ज्या यंत्रावर हे काम शिकायचे, ते यंत्र गावातल्या मुलाच्या घरी कसे येणार, याचा विचार मात्र त्यांत दिसत नाही. ब्लेंडरसारखे त्रिमिती चित्रणाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. ते नीट चालवण्यासाठी जो संगणक लागतो, तो आणि गेमिंगचा संगणक हे मुळात एकच यंत्र आहे, ही गोष्ट पालकांइतकीच धोरणकर्त्यांच्याही ध्यानात आलेली नाही.

आता त्या ५३ हजारांकडे वळू. संगणक आणि त्याचे सुटे भाग यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे या रकमेतील सुमारे ८ हजार १०० रुपये करापोटी जातात. दीड क्विंटल सोयाबीन. सप्टेंबर २०२५ मध्ये कराच्या दरांची फेररचना झाली, तेव्हा ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विद्यार्थ्याच्या टेबलावर मावणाऱ्या २२ किंवा २४ इंची पडद्यावर आधीच १८ टक्के होता, तो तेवढाच राहिला. मोठा पडदा घेणाऱ्याला सवलत आणि लहान पडदा घेणाऱ्याला जैसे थे, असा हा न्याय झाला. सीमाशुल्काची बाजू वेगळी आहे. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि प्रोसेसर, मेमरी यांसारख्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. त्यामुळे या वस्तूंची किंमत ठरते ती प्रामुख्याने डॉलरमध्ये. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरने नव्वद रुपयांची पातळी प्रथमच ओलांडली, त्याचा भार थेट ग्राहकाच्या पावतीवर आला.

पण रुपयाची घसरण हे या कहाणीतील लहान प्रकरण होय. मोठे प्रकरण आहे रॅमचे.

२०२५ च्या मध्यापर्यंत १६ जीबी डीडीआर-४ रॅम तीन हजारांच्या आसपास मिळत होती. कमी पैशांत संगणक जुळवणाऱ्याला तिची फारशी चिंताच करावी लागत नसे. त्याच वर्षाच्या अखेरीस हीच रॅम दुप्पट-तिप्पट दराला गेली आणि डीडीआर-५ ची अवस्था त्याहून वाईट झाली. असे का झाले? जगातील बहुतांश मेमरी तीन कंपन्या तयार करतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांना जी विशेष प्रकारची मेमरी लागते, तिच्या प्रत्येक गिगाबाइटसाठी साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते, असे मायक्रॉननेच सांगितले आहे. नफा जिकडे अधिक तिकडे कारखान्यांचे तोंड वळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्स यांच्याशी करार केले. त्यांत दरमहा नऊ लाख चकत्यांपर्यंतच्या पुरवठ्याचे उद्दिष्ट होते. जुनी डीडीआर-४ मेमरी बंद करण्याची प्रक्रिया तर त्याआधीच सुरू झाली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने होणारी किरकोळ विक्रीच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गेली कित्येक वर्षे आपल्याकडचे दुकानदार डोळे झाकून ज्या दोन-चार नावांची रॅम देत, त्यांतले हे एक नाव.

याचा अर्थ साधा आहे. कॅलिफोर्नियातील एखाद्या कंपनीने आपले यंत्र अधिक हुशार करायचे ठरवले आणि त्यासाठीची किंमत मेहकर तालुक्यातील विद्यार्थी मोजू लागला. कापसाच्या बाबतीत न्यूयॉर्कचा वायदा आणि सोयाबीनच्या बाबतीत शिकागोचा भाव आपल्या शेतकऱ्याला ठाऊक झाला आहे. आता त्याच्या मुलाला सोलच्या मेमरी बाजाराचा परिचय झाला, एवढेच.

या एका बदलाने कमी पैशांतील संगणकाविषयीचे सारे प्रचलित सल्ले जुने झाले आहेत. आणि दुर्दैवाने मुले आजही त्या जुन्याच सल्ल्यांचे व्हिडिओ पाहून यादी करतात.

कालपर्यंतचा सर्वमान्य सल्ला असा होता: आरंभी ग्राफिक्स कार्ड घेऊच नये. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ मध्ये आलेला प्रोसेसर घ्यावा. सहा गाभ्यांच्या या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारी शक्ती अंगचीच असते. व्हॅलोरंट त्यावर सहज चालतो, जीटीए-५ दृश्यांचा दर्जा उतरवून चालतो. दोन वर्षांनी पैसे साठले, की कार्ड जोडावे. सल्ला शहाणपणाचा होता, कारण तो खर्च दोन हंगामांत विभागत असे. तथापि त्यात दोन अटी दडलेल्या होत्या. अशा प्रोसेसरला स्वतःची चित्रमेमरी नसते. तो मुख्य रॅममधूनच जागा घेतो. म्हणून त्याला रॅम भरपूर लागते, आणि ती एकाऐवजी दोन पट्ट्यांत विभागून लावावी लागते, अन्यथा त्याचा वेग लक्षणीय घटतो. रॅम स्वस्त असताना ही अट कोणाला जाचली नाही. आज तीच सर्वांत महाग अट आहे. दुसरे असे, की ५६००जी मध्ये अंतर्गत साठवण साध्या ५६०० च्या निम्मी, १६ एमबी आहे आणि कार्डाशी बोलण्याचा मार्गही एक पिढी जुना आहे. तेव्हा पुढे कार्ड जोडले तरी त्याचे पुरेपूर फळ पदरी पडत नाही. रॅम महाग झाल्यावर या सल्ल्याचे वजन कमी झाले, असे माझे मत आहे. ज्यांच्या घरी आधीच रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, त्यांच्यासाठी तो अद्यापही ग्राह्य आहे.

त्याला पर्याय काय? नवे भाग घ्यायचेच असतील, तर इंटेलचा आय-३ १२१००एफ हा चार गाभ्यांचा, २०२२ मधला प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला एखादे माफक कार्ड. ‘चार गाभे? आजच्या काळात?’ असे कोणी विचारील. पण ५० हजारांच्या संगणकात अडचण बहुधा प्रोसेसरची नसते, कार्डाची असते. प्रोसेसरवर चार हजार अधिक घालून कार्डात चार हजार वाचवणे, ही नवख्यांची नेहमीची चूक. प्रोसेसरच्या पेटीवरील मोठा अंक वडिलांना दाखवता येतो, शेजाऱ्यांना सांगता येतो. कार्डाचे तसे नसते, म्हणून ती घडते.

कार्ड निवडताना नावांचा घोळ समजून घेतला पाहिजे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०५० या एकाच नावाने दोन वेगळी कार्डे बाजारात आहेत. २०२२ चे ८ जीबीचे आणि २०२४ चे ६ जीबीचे. फरक केवळ मेमरीचा नाही, दुसऱ्याची मूळ ताकदही कमी आहे. परंतु त्याचा एक गुण खेड्यातल्या ग्राहकाला मोलाचा आहे. ते अवघ्या ७० वॅटवर चालते आणि त्याला बहुधा वेगळी वीजजोडणी लागत नाही. एएमडीचे रेडिऑन आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे, ८ जीबीचे कार्ड त्याहून बरेच वेगवान आहे; कमी पैशांतील कार्डांत गेली काही वर्षे त्याचेच नाव घेतले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने या पिढीच्या कार्डांचे सॉफ्टवेअर वेगळ्या शाखेत टाकल्याने थोडी घबराट पसरली होती. नव्या खेळांसाठी सुधारणा मिळत राहतील, असा खुलासा नंतर कंपनीने केला. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड कागदावर आकर्षक दिसते. मात्र जुन्या मदरबोर्डवर ते बराच दम गमावते, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

यापुढचा विचार काहींना रुचणार नाही. माझ्या मते आज हिवरा आश्रमच्या विद्यार्थ्याने नव्या भागांची यादी करण्याआधी जुन्या कार्यालयीन संगणकाचा विचार करावा. कंपन्या आणि बँका ठरावीक काळाने आपले संगणक बदलतात. ते दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तेथून जिल्ह्याच्या गावांपर्यंत येतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर. आजवर गेमिंगवाले त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत. पण या पेट्यांमध्ये रॅम आधीच बसवलेली असते, आणि सध्याच्या टंचाईत १६ जीबी रॅमसह मिळणारी अखंड जुनी पेटी ही कित्येकदा नव्या रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या बेरजेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तिच्यात ७० वॅटचे कार्ड बसवले, की बहुतेक लोकप्रिय खेळ चालतात.

मात्र येथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असला पाहिजे, म्हणजे आय-५ ८५०० सारखा, ज्याचा पहिला अंक आठ आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या पेट्या चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतात आणि दिसायला तशाच दिसतात. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीखालील इंटेल प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. खेळांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार आहे. व्हॅलोरंटचा फसवणूक-रोधक पहारेकरी विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि सिक्युअर बूट असल्याखेरीज खेळ सुरूच होऊ देत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागते. म्हणजे आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारा ‘इंजिनीअर’ गावात असला, तरी ज्या खेळासाठी संगणक घेतला तो खेळच दारातून परतवील. चार हजार वाचवण्याच्या नादात वीस हजार मातीत जाण्याचा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट पेटीच्या आकाराची. कार्यालयीन संगणक बऱ्याचदा सडपातळ पेटीत येतात. त्यांत पूर्ण उंचीचे कार्ड बसत नाही, कमी उंचीचे शोधावे लागते आणि ते महाग पडते. शक्यतो उभी, रुंद पेटीच घ्यावी. शिवाय या कंपन्यांचे एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्या जोडण्या अनेकदा त्यांच्या स्वतःच्या घडणीच्या असतात. उद्या एसएमपीएस जळाला, तर मेहकरच्या दुकानातला साधा एसएमपीएस तेथे लागेलच असे नाही.

जुन्या कार्डांच्या बाजारात तर आणखी सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांच्या साहाय्याने ते ‘खणण्याचा’ धंदा एका दिवसात बसला. अहोरात्र राबवलेली ती कार्डे नंतर पुसून-पासून जुन्या बाजारात आली. २०१७ चे आरएक्स ५८० हे त्यांतले ठळक नाव. त्याच नावाखाली चीनसाठी काढलेली कमी ताकदीची आवृत्तीही आपल्याकडे सर्रास मिळते, आणि नव्या पेटीत मिळते म्हणून ती नवी असते असे नव्हे. या पिढीसाठी एएमडीने २०२३ पासून केवळ अत्यावश्यक सुधारणांपुरता हात राखला आहे. एनव्हिडियानेही जीटीएक्स १०५० टीआय, १०६० या एके काळच्या लाडक्या कार्डांसाठी खेळांच्या नियमित सुधारणा ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवल्या. ती आज लगेच बंद पडणार नाहीत. पण त्यांवर सात-आठ हजार घालणे आता शहाणपणाचे नाही.

लॅपटॉपच का घेऊ नये, असे वडील हमखास विचारतील. हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे बॅटरी असणे हाच मोठा युक्तिवाद आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तर दुसरा मार्गही नसतो. परंतु पन्नास हजारांत वेगळ्या ग्राफिक्स चिपचा धड लॅपटॉप मिळणे दुरापास्त झाले आहे, आणि मिळाला तरी त्यातली चिप बदलता येत नाही. कित्येक मॉडेलांत आता रॅमही मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते. संगणकाची पेटी म्हणजे बैलगाडी. चाक मोडले तर चाक बदलता येते.

विजेचा विषय निघालाच आहे तर तो पूर्णच करू, कारण शहरी सल्लागार नेमका हाच विसरतात. खेड्यातल्या संगणकाचा खरा शत्रू मंद प्रोसेसर नव्हे. तो आहे विजेच्या दाबातील चढ-उतार, नावापुरते अर्थिंग आणि धूळ. रब्बीच्या हंगामात शिवारातले पंप एकदम सुरू झाले, की घरातला दिवा मंदावतो. ते बंद झाले की दाब एकाएकी उसळतो. अशा ठिकाणी कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस वापरणे म्हणजे बांधावरच्या उघड्या तारेवर भरवसा ठेवणे होय. त्याच्यावर ‘५०० वॅट’ छापलेले असते; छापायला खर्च येत नाही. मी स्वतः पूर्वी असा एक एसएमपीएस सहाशे रुपये वाचवले म्हणून आनंदाने घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात तो गेला, जाताना हार्डडिस्क घेऊन गेला, आणि तिच्यातील काम काही परत आले नाही.

वास्तविक आय-३ १२१००एफ आणि आरएक्स ६६०० या जोडीचा संगणक ऐन खेळातही अडीचशे वॅटच्या आतबाहेर राहतो. साडेचारशे-पाचशे वॅटचा, पण प्रामाणिक एसएमपीएस त्याला पुरतो. २००४ पासून चालत आलेले ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र विजेची बचत सांगते, टिकाऊपणाची हमी देत नाही. तरी ज्याच्याकडे तेवढेही नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. कंपनीची किमान तीन वर्षांची हमी हा त्याहून चांगला निकष. जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस असावा. ते खेळ चालू ठेवण्याचे साधन नाही, संगणक नीट बंद करण्यापुरती चार-पाच मिनिटे त्यातून मिळतात आणि तेवढी पुरतात. आणि संगणक घरी येण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. खड्डा, पत्रा, कोळसा आणि मीठ यांचा हा खर्च कोणत्याही व्हिडिओतील यादीत नसतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या यंत्राला पुढून-मागून वारा खेळणारी, जाळीची पेटी लागते. काचेची, रंगीत दिव्यांची पेटी तेथे भट्टी होते. जाळीतून धूळ आत शिरते, हे खरे. ती महिन्याला झटकावी.

दुरुस्ती आणि हमी हा शेवटचा, पण सर्वांत कमी बोलला जाणारा मुद्दा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यानंतर तालुक्या-तालुक्यांत संगणक केंद्रे निघाली. त्या केंद्रांमधून शिकलेल्या मुलांनी पुढे छोटी दुकाने काढली, मुंबई-नागपूरहून भाग आणून ‘असेंबल’ केलेले संगणक गावोगाव दिले. ऑनलाइन विक्रीने या दुकानदाराला मागे टाकले, कारण भावात तो टिकत नाही. परंतु कार्ड बिघडले की ऑनलाइन ग्राहकाला कंपनीचे सेवाकेंद्र शोधत नागपूर किंवा पुणे गाठावे लागते. समृद्धी महामार्गाने मेहकरहून नागपूर जवळ आले असले, तरी बिघडलेल्या कार्डासाठी दोन खेपा करण्याचा खर्च आणि बुडालेला दिवस यांची बेरीज कोण करतो? मदरबोर्ड, एसएमपीएस आणि पडदा हे तीन भाग तालुक्याच्या दुकानातून पक्क्या पावतीवर घ्यावेत; प्रोसेसर सहसा बिघडत नाही, तो जेथे स्वस्त मिळेल तेथून मागवावा. पाचशे-हजार अधिक गेले तरी चालतील. पावती विद्यार्थ्याच्या नावाची असावी आणि तीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. ‘पावती घेतली तर १८ टक्के वाढतील’ हे वाक्य ज्या दुकानात ऐकू येते, तेथे हमीचे काय होणार हे वेगळे विचारायला नको.

सरकारला या बाबतीत फार काही करावे लागणार नाही. मेमरीच्या जागतिक भावावर आपला अंमल चालत नाही. २०२३ मध्ये गुजरातेतील साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प जाहीर झाला, तो चिपच्या जुळणी-चाचणीचा. त्याने हिवरा आश्रममधली रॅम स्वस्त होणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन घालण्याचा प्रयत्न झाला आणि गदारोळ उठताच तो सौम्य करावा लागला; त्या अनुभवानंतर आयात रोखण्याचा मोह न झालेलाच बरा. पण ज्या राज्याने गेमिंग-ॲनिमेशनच्या धोरणासाठी हजारो कोटींचा आराखडा मांडला, त्याला तालुक्यातल्या एकेका महाविद्यालयात दहा सक्षम संगणकांची, संध्याकाळी खुली राहणारी एक खोली देणे अशक्य नाही. सरकारी कार्यालयांतून निघणारे आठव्या पिढीपुढचे संगणक भंगारात किंवा लिलावात काढण्याऐवजी नवे कार्ड घालून तेथे देता येतील. हिवरा आश्रमसारख्या गावात, जेथे शिक्षणसंस्था आहे, वसतिगृहे आहेत आणि लाखोंची पंगत शिस्तीत उठवणारे स्वयंसेवक आहेत, तेथे ही खोली पहिल्यांदा उघडायला हरकत नसावी. मग घरचा संगणक दोन हंगाम उशिरा आला तरी मुलाचे अडणार नाही.

तोवर थांबावे की आत्ताच घ्यावे, हा प्रश्न उरतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने मेमरीची टंचाई २०२६ नंतरही चालू राहील, असे आपल्या गुंतवणूकदारांना सांगितले. सोयाबीन साठवून ठेवले तर भाव वाढण्याची आशा असते; रॅमच्या बाबतीत थांबून स्वस्ताई लवकर पदरी पडेल, असे मानण्यास आज आधार नाही. बारावीची परीक्षा संपेपर्यंत थांबावे लागत असेल तर जरूर थांबावे, पण ते परीक्षेसाठी. आणि घेताना रॅमची १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी, वेगळे कार्ड असेल तर तिच्यावर निभावते. मदरबोर्डवरील दुसरी खाच मोकळी राहू द्यावी.